दुर्बीण कशावर उभी आहे, ते आधी पाहा

कापडाच्या धंद्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्या गल्ल्यात एक लहानशी वस्तू हमखास सापडते. धातूची एक घडी असते. ती उघडली की वर भिंग, खाली एक इंचाची चौकट आणि दोघांना धरून ठेवणारी उभी पट्टी. तिला आपण पिक ग्लास म्हणतो. कापडावर ती ठेवायची, डोळा वर लावायचा आणि इंचात किती उभे व किती आडवे धागे बसले ते मोजायचे. लाखोंचे सौदे या दोन बोटांच्या वस्तूवर होतात. आता तेच भिंग चौकटीतून काढून नुसते हातात धरा आणि धागे मोजून पाहा. वीस-पंचवीस धाग्यांपुढे मोजणी जात नाही. भिंग तेच, डोळा तोच, कापडही तेच. गेली ती फक्त बैठक.

आजचा पाठ या बैठकीचा आहे. लांबचे पाहण्याच्या दुर्बिणीसाठी, जिला बाजारात स्पॉटिंग स्कोप म्हणतात, तिच्यासाठी मजबूत ट्रायपॉड कसा पारखावा, हे आम्ही येथे मांडणार आहोत.

व्यापाराच्या पानावर दुर्बिणीचे काय काम, असे काही बांधव विचारतील. काम आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर, उजनी धरणाच्या फुगवट्यावरील भिगवण आणि ठाण्याची खाडी या ठिकाणी हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यांची गर्दी होते. नांदूर मध्यमेश्वरचा समावेश रामसर यादीत झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. त्या यादीत जाणारी ती महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा. ठाणे खाडी २०२२ मध्ये त्या यादीत गेली. अशा ठिकाणी वाटाड्याचे काम करून पोट भरणारी मुले आहेत. कॅमेऱ्याचे सामान विकणारे आपले दुकानदार आहेत. लेथवर स्क्रू काढणारे आणि लाकडाचे काम करणारे कारागीर आहेत. या सर्वांचा या तीन पायांशी संबंध येतो, किंवा उद्या येऊ शकतो.

आमची चूक

हा विषय आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, नुकसानीतून शिकलो. निफाड तालुक्यात राहणाऱ्या आमच्या भाच्याने चापडगावच्या बाजूला वाटाड्यांबरोबर फिरून पक्ष्यांची ओळख करून घेतली. त्याचे वडील शिलाईकाम करतात. घरात दुसरी कमाई नाही. स्वतःची दुर्बीण असेल तर पाहुणे स्वतंत्रपणे आपल्याकडे येतील, असे त्याचे गणित होते आणि ते बरोबर होते. पैसा नात्यातून उभा राहिला, बिनव्याजी. त्यातील मोठा हिस्सा आमचा होता, म्हणून सल्लाही आमचाच चालला.

आम्ही म्हणालो, “बेटा, सगळा पैसा काचेत घाल. स्टँडचे काय, तीन पाय असले की झाले.”

तो म्हणाला, “मामू, तिथले जुने वाटाडे म्हणतात स्टँड भारी पाहिजे.”

आम्ही त्याचे ऐकले नाही. ८० मिलिमीटर काचेची चांगली दुर्बीण आली, आणि तिच्यासाठी शहरातील एका दुकानातून अठराशे रुपयांचा कॅमेरा स्टँड आला. दुकानदाराने पाच किलो वजन झेलतो म्हणून सांगितले. डब्यावरही तसेच छापले होते.

जानेवारीतील एका सकाळी मुंबईचे सहा पाहुणे आले. वारा होता. पाण्याच्या पलीकडच्या चिखलात टिलवे चरत होते. भाच्याने दुर्बीण चाळीस पटींवर नेली आणि प्रत्येकाला पाहायला बोलावले. वाऱ्याची झुळूक आली की पक्षी थरथरत. कोणी फोकसच्या चक्राला बोट लावले की चित्र उड्या मारी आणि शांत व्हायला पाच-सहा सेकंद लागत. पाहुण्यांत एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी अतिशय नरमाईने विचारले, “बेटा, पाणी हलते आहे की दुर्बीण?” दुपारपर्यंत एका पायाचा खटका घसरला आणि दुर्बीण कलंडली. भाच्याने ती हवेतच धरली म्हणून काच वाचली. पाहुणे ठरलेले पैसे देऊन गेले, पण पुन्हा आले नाहीत आणि त्यांनी दुसऱ्या कोणाला पाठवलेही नाही. त्या हंगामात कर्जाचा एक पैसा फिटला नाही. दोष मुलाचा नव्हता. दोष आमच्या सल्ल्याचा होता.

हलण्याचा हिशोब

व्यापारी माणसाला हिशोब दाखवला की पटते, म्हणून आधी हिशोब मांडू.

दोन डोळ्यांची हातातली दुर्बीण ८ किंवा १० पट मोठे दाखवते. ती हातात धरून चालते. स्पॉटिंग स्कोप एका डोळ्याने पाहायची असते. तिची ताकद साधारण २० ते ६० पट, समोरच्या काचेचा व्यास साधारण ६० ते ८५ मिलिमीटर आणि वजन एक ते दोन किलो. दुर्बीण वस्तू जितकी मोठी करते, तितकेच हलणेही मोठे करते. काच कितीही महाग असो, या नियमातून तिची सुटका नाही.

समजा दुर्बिणीची लांबी ३० सेंटिमीटर आहे आणि तिचे एक टोक फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतके, वर-खाली झाले. हे प्रमाण तीन हजारांत एक झाले. दोनशे मीटरवर बसलेल्या पक्ष्यावर हेच प्रमाण लावले तर दुर्बिणीची नजर साडेसहा सेंटिमीटर सरकते. टिलवा हा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १२ ते १४ सेंटिमीटर असतो. म्हणजे कागदाच्या जाडीइतक्या हलण्याने नजर अर्धा पक्षी सरकली. साठ पटींवर ही उडी डोळ्याला पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या दुपटीहून मोठी दिसते. अशा चित्रात पिसांचे रंग आणि चोचीची वळणे कोणाला दिसणार?

यंत्रमागवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. माग नवा असला, पण जमीन सपाट नसली किंवा पायाचे बोल्ट सैल असले तर धोटा उडतो आणि कापडात दोष येतो. तेथे आपण मागाला दोष देत नाही, आधी पाया पाहतो. दुर्बिणीच्या बाबतीतही तेच करायचे.

पाय कसे असावेत

पहिली गोष्ट नळीची जाडी. त्याच धातूची आणि त्याच पत्र्याची नळी २२ ऐवजी २८ मिलिमीटर व्यासाची घेतली तर तिचा ताठपणा सुमारे दुप्पट होतो. व्यासात फरक सहा मिलिमीटरचा, पण कामात दुपटीचा. मोठ्या दुर्बिणीसाठी सर्वात वरची नळी २८ मिलिमीटरच्या आसपास असावी. लहान, ६० ते ६५ मिलिमीटर काचेच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटर चालते.

दुसरी गोष्ट लांबी. एका टोकाला घट्ट धरलेल्या काठीची लांबी दुप्पट केली तर तोच जोर तिला आठपट वाकवतो. म्हणून पाय गरजेपुरतेच उघडावेत.

तिसरी गोष्ट टप्पे. पाय तीन टप्प्यांचे असतात किंवा चार, क्वचित पाच. टप्पे जितके जास्त तितका स्टँड मिटल्यावर आखूड होतो, पण शेवटची नळी तितकी बारीक होते आणि सांधेही वाढतात. प्रत्येक सांधा म्हणजे हलण्याची एक जागा. प्रवासाची अडचण नसेल तर तीन टप्प्यांचाच घ्यावा. वापरताना जाड नळ्या आधी उघडाव्यात, सर्वात बारीक नळी अगदी शेवटी. बरेच लोक नेमके उलटे करतात, कारण खालचा खटका उघडायला सोपा वाटतो.

चौथी गोष्ट खटके. काही स्टँडला पट्टी उलटून बंद होणारे खटके असतात, काहींना पिळून आवळायची कडी असते. दोन्ही चांगले असू शकतात. पट्टीचा खटका बंद आहे की उघडा ते लांबून दिसते आणि सैल झाला तर बहुधा लहान पान्याने आवळता येतो. पिळायची कडी फांद्यांत अडकत नाही, पण ती पूर्ण आवळली की नाही हे हातालाच कळते. घाईच्या कामासाठी आम्ही पट्टीचा खटका पसंत करतो.

अॅल्युमिनियम, कार्बन की लाकूड

अॅल्युमिनियम स्वस्त, टिकाऊ आणि सगळीकडे मिळणारे. मार लागला तर पोचा पडतो, पण काम चालते. कार्बन फायबरचा तेवढ्याच आकाराचा स्टँड साधारण अर्धा किलो हलका असतो आणि त्यातील कंप लवकर विरतो. मात्र किंमत बरीच जास्त, आणि टोकदार वस्तूचा जोराचा मार लागला तर नळी तडकते. रोज पाच-सहा किलोमीटर चालणाऱ्याने कार्बनचा विचार करावा. गाडीपासून पन्नास पावलांवर उभे राहणाऱ्याने तो पैसा वाचवावा.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जड म्हणून घरी राहणारा स्टँड कितीही मजबूत असला तरी कामाचा नाही. आपल्या खांद्याला रोज झेपेल असा सर्वात भक्कम स्टँड घ्यावा. ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी पाय आणि हेड मिळून तीन-साडेतीन किलो हे साधारण माप समजावे.

मधला दांडा आणि उंची

बहुतेक स्टँडच्या मध्यभागी वर सरकणारा एक दांडा असतो. तो वर काढला की तीन पायांच्या स्टँडचे एका पायाच्या काठीत रूपांतर होते. मधला दांडा शक्यतो खालीच ठेवावा. म्हणून खरेदी करताना पायांची उंची दांडा न काढता मोजावी. छापील “कमाल उंची” बहुधा दांडा पूर्ण काढून मोजलेली असते.

उंची किती हवी, हे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या नळीवर ठरते. ती नळी सरळ असेल तर दुर्बीण थेट डोळ्याच्या उंचीवर यावी लागते, म्हणजे स्टँड उंच लागतो. नळी ४५ अंशांत वर वळलेली असेल तर मान थोडी झुकवून पाहता येते आणि स्टँड बराच खाली ठेवता येतो. खाली ठेवलेला स्टँड अधिक ताठ राहतो आणि वाराही कमी लागतो. पाहुण्यांना दाखवणाऱ्या वाटाड्याने वळलेल्या नळीचीच दुर्बीण घ्यावी. उंची सर्वात बुटक्या पाहुण्याला सोयीची ठेवावी. उंच माणूस वाकू शकतो, पण लहान मूल आपली उंची वाढवू शकत नाही.

हेड : निम्मी मजबुती येथे आहे

पाय उत्तम आणि हेड कच्चे, तर सारा पैसा वाया. छायाचित्रकारांत गोळ्याचे हेड लोकप्रिय आहे. दुर्बिणीला ते सोयीचे नाही. गोळा सैल केला की दुर्बीण पुढे, मागे, बाजूला, सगळीकडे लुढकते. आणि उडणारा पक्षी त्यात धरून ठेवणे कठीण जाते.

दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेऱ्याचे हेड हवे, ज्याला फ्लुइड हेड म्हणतात. ते दोनच दिशांना फिरते : डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली. आत दाट, चिकट पदार्थ असतो. त्यामुळे हालचाल लोण्यासारखी येते, धक्का बसत नाही. त्याला एक लांब दांडी असते. एका हाताने दांडी, दुसऱ्या हाताने फोकस, एवढेच काम.

हेडची परीक्षा अशी करावी. दुर्बीण बसवा, जास्त ताकदीवर न्या, लांबच्या एखाद्या पाटीवरील एका अक्षरावर धरा, हेड आवळा आणि हात सोडा. अक्षर आपोआप खाली किंवा वर सरकले तर ते हेड कच्चे आहे किंवा दुर्बीण तोलात बसलेली नाही. तोल साधण्यासाठी खालची प्लेट पुढे-मागे सरकवून पाहावी. तोल साधल्यावर हेड किंचित सैल असतानाही दुर्बीण जागेवर राहिली पाहिजे. मग हेड बदलू नये.

स्क्रूची मापे

दुर्बिणीच्या पायात जो स्क्रू बसतो तो पाव इंची किंवा तीन अष्टमांश इंची असतो. पाव इंचीला इंचात २० आटे, तीन अष्टमांशला १६ आटे. हेड पायावर बसते तेथे बहुधा तीन अष्टमांशचा स्क्रू असतो. व्हिडिओच्या प्लेटवर स्क्रूजवळ एक बारीक खिळा असतो आणि बऱ्याच दुर्बिणींच्या पायात त्यासाठी छिद्र असते. हा खिळा बसला की दुर्बीण स्क्रूभोवती फिरत नाही. खिळा बसत नसेल आणि दुर्बीण सारखी सैल होत असेल, तर प्लेट आणि दुर्बीण यांच्यामध्ये पातळ रबराची चकती घालावी. हा दोन रुपयांचा उपाय आहे, पण दुकानात कोणी सांगत नाही.

छापील वजनावर भरवसा नको

डब्यावर “पाच किलो” किंवा “दहा किलो” छापलेले असते. हे आकडे प्रत्येक कारखाना आपल्या पद्धतीने काढतो. सर्वांना सारखे बंधनकारक असे माप नाही. शिवाय वजन झेलणे वेगळे आणि स्थिर धरणे वेगळे. बाजेवर चार माणसे बसतात, बाज मोडत नाही, पण हलते की नाही? आमचा अठराशेचा स्टँड पाच किलोने मोडला नसता, हे खरे. पण दीड किलोने तो थरथरत होता, हेही खरे. म्हणून दुर्बिणीच्या वजनाच्या निदान तिप्पट आकडा असलेलाच स्टँड पाहायला घ्यावा, आणि त्यानंतरही खालील परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानातली परीक्षा

दुकानात जाताना आपली दुर्बीण बरोबर न्यावी. स्वतःच्या कापडाला अस्तर जुळवताना कापड घरी ठेवून कोणी जात नाही.

१. तिन्ही पाय पूर्ण उघडा, खटके लावा आणि वरून दोन्ही हातांनी दाबा. एकही पाय आत सरकता कामा नये.

२. वरचा भाग हातात धरून हळूच पिळून पाहा. सांध्यात मोकळेपणा असेल तर येथेच कळतो.

३. दुर्बीण बसवा, उंची नेहमीच्या वापराएवढी ठेवा, चाळीस पटींवर न्या आणि शक्य तेवढ्या लांबच्या वस्तूवर धरा.

४. एका पायावर बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र शांत व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. एका सेकंदात शांत झाले तर उत्तम. दोन सेकंदांपर्यंत चालेल. तीन किंवा जास्त लागले तर तो स्टँड परत द्यावा.

५. फोकसचे चक्र फिरवा. फिरवत असतानाही वस्तू ओळखू येईल एवढी स्थिरता हवी.

६. सुटे भाग मिळतात का, ते विचारा. प्लेट हरवते, रबरी पाऊल निखळते, खटक्याची पट्टी तुटते. ज्याचे भाग मिळत नाहीत तो स्टँड एका हंगामाचा.

जुना वापरलेला स्टँड मिळाला तर त्याला नाक मुरडू नये. जुन्या कॅमेऱ्यासारखा ट्रायपॉड लवकर निरुपयोगी होत नाही. चांगल्या घडणीचा जुना स्टँड नव्या कच्च्या स्टँडपेक्षा शतपटीने बरा. फक्त स्क्रूचे आटे झिजलेले नाहीत, सांध्याच्या कड्यांना चीर नाही आणि हेड अडखळत नाही, एवढे पाहावे.

मैदानावर

उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला ठेवावेत. चिखलात पाय थोडे दाबून बसवावेत. वारा असेल तर मधल्या आकड्याला पिशवी अडकवावी, पण ती लोंबकळत ठेवू नये. जमिनीला टेकू द्यावी, नाहीतर तीच झोके घेऊन स्टँड हलवते. पाहुण्यांना हात पाठीमागे ठेवून पाहायला सांगावे. हल्ली सर्वजण डोळ्याच्या नळीला मोबाईल लावून चित्र घेतात. त्याने तोल बदलतो आणि पडद्याला बोट लागताच धक्का बसतो. अशा वेळी मोबाईलचा दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा.

दोन ठिकाणी उत्तम स्टँडही कामाला येत नाही. पहिले म्हणजे नाव. नावेत स्टँड नावेबरोबरच हलतो. तेथे हातातली आठ पटींची दुर्बीणच बरी. भिगवणला नावेतून फिरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरे म्हणजे भर दुपार. तापलेल्या जमिनीवरून व पाण्यावरून हवा उठते आणि चित्र उकळल्यासारखे दिसते. त्यात स्टँडचा दोष नाही. ताकद कमी करावी आणि बारीक पाहणी सकाळी करावी.

कारागिरांसाठी एक वाट

जमिनीच्या मोजणीला जे लाकडी तिकाटणे वापरतात ते कंप फार चांगले शोषते. पाच-सहा किलो वजन असल्याने ते खांद्यावर घेऊन हिंडायचे नाही, पण एका जागी कायम लावण्यासाठी त्याच्यासारखी स्वस्त व भक्कम बैठक क्वचितच मिळेल. अडचण फक्त स्क्रूची. त्याचा बोल्ट पाच अष्टमांश इंची, इंचात ११ आट्यांचा असतो. खालून त्या मापाचे आतले आटे आणि वर तीन अष्टमांशचा बाहेरचा स्क्रू असा एक पितळी किंवा पोलादी जोड लेथवर काढला की त्यावर फ्लुइड हेड बसते. हे काम आपले लेथवाले सहज करू शकतील. फरशीवर त्याची टोके घसरतात, म्हणून तिन्ही पाय दोरीने एकमेकांना बांधावेत किंवा खाली जाड रबर ठेवावे. ज्यांना लाकूड नव्याने घडवायचे आहे त्यांनी पूर्ण वाळलेले, सरळ रेषांचे, गाठ नसलेले लाकूड घ्यावे.

अशीच स्थिर बैठक गच्चीवरून चांद पाहतानाही उपयोगी पडते. त्या वेळी ताकद २० पटच ठेवावी, कारण तेव्हा आकाशाचा सुमारे दोन अंशांचा भाग एका नजरेत येतो आणि अर्ध्या अंशाचा चांद शोधणे सोपे जाते. गच्चीवर गर्दी चालत असेल तर स्लॅबचा कंप पायांतून वर चढतो. म्हणून पाहणारे सोडून इतरांना दूर उभे करावे. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बीण त्या दिशेला मुळीच वळवू नये. दुर्बिणीतून सूर्य पाहिला तर डोळा क्षणात आणि कायमचा जातो. चांदाच्या गवाहीचा निर्णय उलेमांचा. आमचे सांगणे फक्त स्टँडपुरते.

देखभाल

खाडीवरून किंवा चिखलातून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवावेत, उघडे ठेवून सुकवावेत आणि मगच मिटावेत. ओले मिटले की आत वाळू आणि क्षार बसतात आणि खटके अडकतात. हंगामातून एकदा नळ्या सुट्या करून पुसाव्यात. कोरडे पडलेले स्क्रू हलक्या ग्रीसने ओलावावेत. हेड मात्र घरी उघडू नये.

पैशाची वाटणी

शेवटी मूळ मुद्द्यावर येऊ. दुर्बीण आणि स्टँड मिळून जी रक्कम हाताशी असेल, तिच्यातील दर चार रुपयांतला निदान एक रुपया पाय व हेड यांच्यासाठी आधीच बाजूला काढावा. रक्कम कमी असेल तर ८० ऐवजी ६५ मिलिमीटरची दुर्बीण घ्यावी, पण तो एक रुपया मोडू नये. स्थिर बैठकीवरची लहान दुर्बीण, थरथरणाऱ्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा अधिक दाखवते.

विकणाऱ्या बांधवांनाही एक विनंती. डब्यावरचा आकडा वाचून दाखवणे म्हणजे मालाची हमी देणे नव्हे. गिऱ्हाईक दुर्बिणीसाठी स्टँड मागत असेल तर तो तेवढी स्थिरता देईल की नाही हे स्वतः तपासून सांगावे, आणि देत नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. मालातला ऐब झाकू नये, ही शिकवण आपल्याला नवी नाही. एक विक्री जाईल, पण गिऱ्हाईक राहील.

दुसऱ्या वर्षी आम्ही भाच्याला घेऊन एका वापरलेल्या अॅल्युमिनियम स्टँडचा सौदा केला. तीन टप्पे, २८ मिलिमीटर नळी आणि फ्लुइड हेड. पैसे आम्ही दिले आणि ते कर्जात धरले नाहीत, कारण तो आमच्या चुकीचा दंड होता. टिचकी मारून आम्ही मोजले. दीड सेकंदात चित्र शांत झाले. त्या हिवाळ्यात त्याच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी पुढे आपले पाहुणे पाठवले. मागच्या हंगामात त्याने शेवटचा हप्ता आमच्या हातावर ठेवला, तेव्हा म्हणाला, “मामू, दुर्बीण तीच आहे.”

आम्ही पैसे मोजून घेतले आणि गल्ल्यात पिक ग्लासच्या शेजारी ठेवले.